रुखवतातली पेशी

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत असं एकही माणूस नव्हतं, ज्याला माझ्या मोठ्या नणंदेने आतून पाहिलेलं नव्हतं. हे मी मनकवडेपणाबद्दल बोलत नाही. मनातलं ओळखण्यात त्या अगदीच कच्च्या होत्या; समोरचा माणूस कंटाळलाय एवढंसुद्धा त्यांना कधी कळलं नाही. मी बोलते आहे ते खरोखरच्या आतल्याबद्दल. घरात पाहुणा आला की पाण्याचा तांब्या यायच्या आधी त्या काडेपेटी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आ करा." पाहुणा बिचारा देवीचा अंगारा असेल असं समजून तोंड उघडायचा. मग काडीच्या गुल नसलेल्या टोकाने त्या गालाच्या आतून हलकेच खरवडायच्या, ते काचपट्टीवर लावायच्या, वर निळ्या औषधाचा एक थेंब टाकायच्या आणि पाच मिनिटांत त्याला सांगायच्या, की तुमचं सगळं व्यवस्थित आहे, केंद्रक जागच्या जागी आहे. दूधवाला, पोस्टमन, गॅसचं सिलेंडर आणणारा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या नटलेल्या बायका, कुणी सुटलं नाही. एका बाईने तर वाणाची वाटी तिथेच सोडून पळ काढला होता. तिची वाटी दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः पोचवून आल्या, आणि काडेपेटी घेऊन गेल्या होत्या.

घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. लग्न केलं नव्हतं. म्हणजे ठरत होतं, दोनदा ठरलं आणि मोडलं, आणि तिसऱ्यांदा ठरायच्या आत त्यांनी एक उद्योग केला, ज्याची कथा मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी डोळे पुसत सांगितली. अक्कांच्या लग्नासाठी सासूबाईंनी सोन्याच्या दोन पाटल्या करून ठेवल्या होत्या. अक्कांनी त्या त्यांच्याकडे मागितल्या. लेकीला आता तरी नटावंसं वाटतंय म्हणून सासूबाईंनी हर्षाने दिल्या. आठ दिवसांनी अक्का मुंबईहून एक लाकडी पेटी घेऊन उतरल्या आणि पेटीत पितळी नळीचा, खाली गोल आरसा असलेला सूक्ष्मदर्शक होता. पाटल्या नव्हत्या.

सासूबाई शिंदखेड्याकडच्या. त्यांनी आदळआपट केली नाही. त्यांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं जावईबापू. पाटल्या जावयासाठीच होत्या, त्या ज्याने नेल्या तो जावई, असा त्यांचा सरळ हिशेब. तेव्हापासून घरात तेच नाव. "जावईबापूले उनमां ठेवू नको, तापी जाई," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणत. दिवाळीला त्या पेटीपुढे उटण्याची वाटी ठेवत. पण त्याच दिवशी त्यांनी एक पण केला होता, की या नळीला मी जन्मात डोळा लावणार नाही. आणि सासूबाईंचा पण म्हणजे पण. अख्ख्या कॉलनीने डोळा लावला, सासूबाईंनी नाही. अक्कांना बाकी जगाकडून काही नको होतं, मोठी खोली नको, बढती नको. त्यांना एवढंच हवं होतं, की मायने एकदा पाहावं. हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण नवी काचपट्टी तयार झाली की पहिल्यांदा त्यांची नजर ओसरीकडे जायची. तिथे सासूबाई पाठ करून धान्य निवडत बसलेल्या असायच्या.

आता माझं सांगते, कारण त्या वेळी माझ्याइतकी शहाणी बाई जळगाव जिल्ह्यात नव्हती असं माझं ठाम मत होतं. मी रावेरकडची. माहेरी केळीच्या बागा, ट्रॅक्टर, आणि दहावी पास झालेली मी घराण्यातली पहिली मुलगी. विज्ञानात काठावर निघाले होते, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतर आठवड्याने अक्का म्हणाल्या, चल, आज तुझी पेशी पाहू. मी म्हटलं थांबा, आणि आत जाऊन पावडर लावली, केस विंचरले, नवी टिकली लावली आणि पदर सारखा करून येऊन बसले. मला वाटलं होतं, काहीतरी फोटोसारखं निघणार आहे. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "छान दिसतेस. आता आ कर."

नळीला डोळा लावला आणि मला लांबलचक काळ्या पायांचा एक किडा दिसला. मी ओरडलेच, की माझ्या पेशीला पाय आहेत. अक्का म्हणाल्या, असू दे, जरा हलव. मी डोळा मिचकावला तसा किड्याने सगळे पाय एकदम हलवले. मी खुर्चीसकट मागे गेले. ती माझीच पापणी होती. दहावी पास मुलीने स्वतःच्या पापणीला घाबरून ओसरीपर्यंत धाव घेतली, हे दृश्य सासूबाईंनी पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला साभिनय दाखवलं. पण त्यांनी स्वतः येऊन खरं काय आहे ते पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा मी दम धरला. पापणी बाजूला झाली, आणि त्यामागे उजेडाचं एक गोल मैदान होतं. त्यात मधोमध निळसर, पारदर्शक, कडा जराशा दुमडलेली एक गोष्ट पडली होती. पाण्यावर पडलेली पाकळी असावी तशी. तिच्या मध्यात एक गडद ठिपका. बाहेर स्कूटर चालली होती, शेजारच्या रेडिओवर कापसाचे भाव सांगत होते, आणि माझ्या अंगातला एक कण, जो काल जेवताना, भांडताना, गाताना माझ्यासोबत होता, तो इथे माझ्यासमोर स्वतंत्र पडला होता. अक्का हळू आवाजात सांगत होत्या, की ही कड म्हणजे प्रद्रव्यपटल, आत काय येऊ द्यायचं आणि काय नाही ते ती ठरवते. आतला पातळ रस म्हणजे पेशीद्रव्य. ठिपका म्हणजे केंद्रक, तुझं नाक असं का आणि तुझे केस असे का ते सगळं त्यात. आणि अशा किती आहेत म्हणून विचारलंस तर मोजायला बसू नकोस, तुझा स्वयंपाक राहील.  संध्याकाळपर्यंत बोलले नाही. यजमानांना वाटलं, माहेरची आठवण आली. मला दुसरीच काळजी होती: उद्या दात घासताना त्यातल्या किती मरतील?

अक्कांना जगात दोनच गोष्टी दिसायच्या, वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी, आणि बाकी सगळं त्यांना या दोहोंत बसवता यायचं. माझा कांदा चिरायचा वेग त्यांच्यामुळे कायमचा बिघडला. मी कांदा कापला की त्या धावत येत, आतल्या पाकळीची ती काचेसारखी साल नखाने सोलून घेत आणि जात. फोडणी जळे. त्या मात्र खिडकीतून बोलावत, की बघ, कशी विटांची भिंत आहे. आणि ती असायचीच. एकाला एक लागून चौकोनी घरं, प्रत्येकाला स्वतःची भिंत, प्रत्येकात एक ठिपका. झाडाला हाडं नाहीत, म्हणून त्याच्या प्रत्येक पेशीला पेशीभित्तिका दिली आहे, आणि आपल्याला भित्तिका नाही म्हणून आपण वाकतो, असं त्या सांगायच्या. मी म्हटलं, मग सासूबाई वनस्पती असाव्यात. ओसरीवरून धान्याचं सूप जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

घराचीसुद्धा त्यांनी वाटणी केली होती. स्वयंपाकघर म्हणजे तंतुकणिका, कारण सगळ्यांचं बळ तिथे तयार होतं. कोठीची खोली म्हणजे रिक्तिका. माझ्या यजमानांना वाटायचं, कर्ते पुरुष म्हणून केंद्रक आपणच. अक्का म्हणाल्या, केंद्रक जागचं हलत नाही आणि त्याच्या हुकमाशिवाय घरात काही हलत नाही, आणि त्यांनी ओसरीकडे बोट दाखवलं. मग यजमानांना म्हणाल्या, तू लयकारिका आहेस, उरलेलं-शिळं खाऊन संपवतोस. तेव्हापासून रात्रीचा भात उरला की आम्ही यजमानांना नुसतं त्या नावाने हाक मारायचो. त्यांना थकवा आला तर अक्का डॉक्टरकडे पाठवत नसत, म्हणत, तंतुकणिकांना काम दे, बसवून ठेवलंस तर त्यापण बसतील.

संध्याकाळी पुढच्या खोलीत मुली शिकायला यायच्या. अक्का फळ्यावर पेशी काढत, मुली वहीत काढत, आणि सासूबाई दाराशी पाठ करून बसत. दर वर्षी तोच धडा, तीच पाठ. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि दुसऱ्यात उतरू लागलाय असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय शेवयांवर नेत. त्या दिवशी अक्का सूक्ष्मदर्शक पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "माय कधीतरी पाहीलच गं. फक्त तेव्हा तिला दिसायला हवं." त्या पुसत राहिल्या. काच आधीच स्वच्छ होती.

पुढे धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नरडाण्याचा, घर खटल्याचं, माणसं मानपानाची. सासूबाईंनी उन्हाळाभर रुखवताची तयारी केली. आमच्याकडे मुलीच्या रुखवतात आईचा हात दिसतो. कुरडया, शेवया, पापड, करंज्या, लाडू, आणि सगळ्यांत वर सासूबाईंचे मांडे. उलट्या खापरावर हातावरच्या हातावर पसरून टाकलेला त्यांचा मांडा इतका पातळ, की त्याच्याआडून चुलीचा जाळ दिसे. ते सगळं मांडायचं काम थोरल्या लेकीचं. सासूबाईंनी बजावलं होतं, की मधे तुळशीवृंदावन कर, बाजूला देऊळ कर, आणि तुझी शाळा कार्यालयात आणू नको. अक्कांनी मान हलवली. अक्का मान हलवत त्याचा अर्थ फक्त एवढाच असे, की ऐकू आलं.

लग्नाच्या सकाळी वरपक्ष रुखवत पाहायला आला, आणि वरची चादर काढली. मी पदर तोंडाशी धरला. टेबलावर दोन भल्यामोठ्या पेशी होत्या. डावीकडची वनस्पतीपेशी, भोवती केळीच्या खोडाच्या सोपटांची चौकोनी भिंत. माझ्या भावाकडून खास मागवलेली. भिंतीच्या आतून मांड्याचं अस्तर. मधोमध पाण्याने भरलेलं मोठं काचेचं भांडं, ती रिक्तिका. भोवती हिरव्या रंगाच्या खोबऱ्याच्या वड्या, म्हणजे सूर्याच्या उजेडात झाडाचा स्वयंपाक करणारी हरितलवकं. उजवीकडे प्राणीपेशी, तिला भिंत नाही, नुसता एक मांडा हवा तसा पसरलेला. दोन्हीकडे करंज्यांच्या तंतुकणिका, शेवयांची जाळी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका, आणि त्या जाळीवर रायबोझोम म्हणून खसखशीचे दाणे. प्राणीपेशीत आवळासुपारीच्या गोळ्या होत्या, त्या लयकारिका, पचवणाऱ्या. आणि दोन्हींत एकेक मोठा बुंदीचा लाडू, भोवती कुरडईचा गुंता. ते केंद्रक.

वरपक्षाच्या बायकांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग वरमाय म्हणाल्या, देऊळ कुठाय? सासूबाई मागून आल्या, त्यांनी चांगल्या डोळ्याने सगळं न्याहाळलं. मला वाटलं, आता इथेच भांडण होतंय. त्या फक्त एवढंच पुटपुटल्या, की माझा सगळ्यांत पातळ मांडा हिनं भिंतीच्या आत दडवला.

अनर्थ पुढे झाला. नवऱ्या मुलाचे एक मामा, थट्टेखोर, त्यांनी हात लांबवून प्राणीपेशीचा लाडू उचलला, कुरडई झटकली आणि अर्धा तोंडात टाकला. वरपक्ष हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या वर्गात बोलतात तशा, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "केंद्रक खाल्लंत. आता ही जगत नाही."

बोहल्यावर जायला निघालेली नवरी वरमायचा हात धरून शेजारी उभी होती.

वरमायच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मामांचा घास तोंडातच राहिला. लग्नाच्या दारात, मुलीच्या रुखवतापुढे असं बोलणं, त्या म्हणाल्या, आमच्याकडे चालत नाही. मागे बायका कुजबुजू लागल्या. कुणीतरी म्हणालं, मोठीचं जमलं नाही म्हणून धाकटीच्या वेळी असं निघालं तोंडातून. अक्कांना ते ऐकू गेलं. मी त्यांना तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मामांनी झटकलेली कुरडई त्या उगाच गोळा करू लागल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचा हात वरमायच्या हातातून सुटलेला मला दिसला.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. "विहीनबाई," त्या म्हणाल्या, "मनी पोर नवरीबद्दल नही बोलनी, लाडूबद्दल बोलनी." आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून मी आजही मनात हात जोडते. त्यांनी वरमायचा हात धरून तिला टेबलाशी आणलं आणि आपल्या अहिराणीत सांगायला सुरुवात केली. हा मांडा दखा. त्यावर तूप टाकलं तर आत जास, पन पुरन बाहेर येत नही. तशीच शे पेशीनी साल. ही करंजी बळ देस. ही आवळासुपारी पचाडस. ह्या शेवया म्हणजे आतले रस्ते. आणि हा लाडू म्हणजे घरची मोठी बाई, तिच्याशिवाय घर चालत नही, म्हणून माझी पोर तसं बोलनी, आणि ते खोटं का? वरमाय स्वतः घरची मोठी बाई होती. ती जरा थांबली. सासूबाई डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत म्हणाल्या, "आपला आंगमां बठ्ठीकडे हाईच शे. तुमना, मना, नवरीना. भगवानना घरनं रुखवत शे हाई."

एकही भाग त्या चुकल्या नाहीत. इतक्या वर्षांची दाराशी केलेली ती पाठ, आणि पाठीला कान होते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वरमायने खाली वाकून मांड्याला बोट लावलं. विचारलं, एवढा पातळ कुणी केला? आणि सगळं निवळलं. मामांनी उरलेला अर्धा लाडू अगदी जपून जागेवर ठेवला. अक्षता वेळेवर पडल्या. जेवणानंतर वरपक्षाच्या बायका अक्कांपुढे रांगेने बसून आ करत होत्या, त्यात वरमाय पहिली.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. कार्यालयातली भांडी आली होती, फुलं सुकली होती, धाकटी सासरी गेली होती. सासूबाई ओसरीवर बसून होत्या, पुढ्यात सूप होतं पण त्यात धान्य नव्हतं. अक्का मागे उभ्या होत्या. सासूबाई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "एक जावई पोरले लई गया. दुसरा जावईले आन बाहेर."

अक्का लाकडी पेटी आणायला धावल्या, काडेपेटी मी उघडून दिली. सकाळचं ऊन आरशात घेतलं. सासूबाईंनी आ केलं, बसल्या, चांगला डोळा नळीला लावला.  मी म्हटलं, पहिल्यांदा पापणी दिसेल, घाबरू नका. त्या म्हणाल्या, मी काय दहावी पास शे? मग हळूहळू त्यांच्या खांद्यांचा ताठा गेला.

"हाई मी शे?"

"हा माय," अक्का म्हणाल्या, "तूच शे."

"आनि काल गई ती?"

अक्का म्हणाल्या, तीपण अशाच एका पेशीपासून झाली, तुझ्या पोटात, इतकुशा ठिपक्यापासून. मीपण. सासूबाई तशाच बसून राहिल्या. ऊन सरकलं, अक्कांनी आरसा फिरवला, पुन्हा सरकलं, पुन्हा फिरवला. शेवटी त्यांनी डोळा बाजूला केला, पदराने पुसला आणि सूप जवळ ओढत म्हणाल्या, "पाटल्या वाया नही गयात."

अक्का उठून आत गेल्या. मी चहा टाकला आणि उगाच भांडी वाजवत बसले, म्हणजे आतलं रडणं ओसरीपर्यंत जाऊ नये.

आता दोघी नाहीत. जावईबापू माझ्याकडे आहेत, कपाटात, लाकडी पेटीत. दिवाळीला मी पेटीपुढे उटण्याची वाटी ठेवते, सून हसते. कधी दुपारी घर शांत असलं की मी त्यांना खिडकीत आणते, कांदा सोलते, आरशात ऊन घेते आणि डोळा लावते. दहावी पास बाई अजून तशीच आहे: आधी पापणीच दिसते. भिंतीवरच्या आरशात पाहिलं तर माझ्या पापण्या केव्हाच पांढऱ्या झाल्या आहेत. त्या नळीतून मात्र, मागून उजेड आला की, अजून काळ्याभोर दिसतात. मी थोडा वेळ त्यांनाच पाहते. मग त्या बाजूला होतात, आणि ती विटांची भिंत दिसते, प्रत्येक घरात एक ठिपका.